स्वेदनिग्रहाची पोटात घ्यावयाची औषधे : एका ‘आनुषंगिक’ परिणामाचा इतिहास

१. विषय आणि त्याची मर्यादा

मराठी भाषेत घाम ह्या शब्दाभोवती जो भाव गोळा झालेला आहे तो बहुतांशी गौरवाचा आहे. निढळाच्या घामाची भाकर ही आपल्याकडे प्रामाणिक उपजीविकेची खूण मानली जाते आणि घाम न गाळता मिळविलेले धन संशयास्पद ठरते. ह्या गौरवाचा एक अनपेक्षित परिणाम असा की, ज्याला श्रमावाचून व उष्म्यावाचून घाम सुटतो, ज्याच्या तळहातांच्या ओलीने लिहिता लिहिता कागद भिजतो, ज्याला दुसऱ्याच्या हातात हात देण्याचा संकोच वाटतो, अशा मनुष्याच्या पीडेला भाषेत स्वतंत्र जागाच उरत नाही. तिला कोणी रोग म्हणत नाही. फार झाले तर भित्रेपणा म्हणतात. ही उपेक्षा केवळ आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेतील एका विस्तृत पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार तेथील लोकसंख्येच्या २.८ टक्के लोकांना अतिस्वेदाचा विकार होता. परंतु त्यांपैकी अवघ्या ३८ टक्के लोकांनी तो कोणा वैद्यकीय व्यावसायिकापाशी बोलून दाखविला होता.

प्रस्तुत निबंधात अतिस्वेदावर पोटात घ्यावयाच्या औषधांचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे. लेप, शस्त्रक्रिया, विद्युत्प्रवाह इत्यादी अन्य उपायांचा विचार येथे प्रसंगोपात्तच केला आहे. ह्या मर्यादित इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिली अशी की, येथे विचारात घेतलेल्या औषधांपैकी एकही मूलतः घामासाठी सिद्ध झालेले नाही. प्रत्येक औषध दुसऱ्या कोणत्या तरी रोगाच्या दारातून ह्या रोगाकडे आले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्याला आपण ‘आनुषंगिक परिणाम’ म्हणतो ती निसर्गाने केलेली विभागणी नसून चिकित्सकाच्या हेतूने केलेली विभागणी आहे, आणि म्हणून ती काळाबरोबर बदलते. वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने ही विभागणी जशीच्या तशी स्वीकारणे धोक्याचे आहे.

२. प्राचीन भारतीय वैद्यकातील स्थिती

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पन्नास महाकषायांची जी गणना आहे ती ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीत मूत्राचा संग्रह करणारा, म्हणजे त्याचे आधिक्य रोखणारा, मूत्रसंग्रहणीय गण आहे. मलाचा संग्रह करणारा पुरीषसंग्रहणीय गण आहे. घामाच्या बाबतीत मात्र स्वेदोपग हा एकच गण आढळतो, आणि तो घाम आणविण्याच्या क्रियेस साहाय्य करणारा आहे. घाम रोखणारा असा स्वतंत्र गण त्या यादीत नाही. ह्याचा अर्थ अतिस्वेद ही अवस्थाच त्या आचार्यांस अज्ञात होती असा नव्हे. विमानस्थानात स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद आणि लोमकूप ह्यांत सांगितले असून, ती स्रोतसे दूषित झाल्याची जी लक्षणे दिली आहेत त्यांत घाम मुळीच न येणे आणि घाम फार येणे ह्या दोहोंचाही समावेश आहे.

मग उपाय कोठे सांगितला आहे? सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात त्या त्या कार्यात श्रेष्ठ ठरणाऱ्या द्रव्यांची जी प्रसिद्ध यादी आहे तीत दाह, त्वचेचे दोष व घाम दूर करणाऱ्या लेपांमध्ये लामज्जक आणि उशीर, म्हणजे आपला वाळा, ह्यांना अग्रस्थान दिले आहे. उपाय आहे तो बाहेरून लावण्याचा. स्वेद हा शरीराबाहेर जाण्यासाठीच निर्माण झालेला मल आहे, आणि त्याचा अवरोध हा सुश्रुताने ज्वराच्या लक्षणांत गणलेला आहे, ही भूमिका ध्यानात घेतली म्हणजे आतून घाम थोपविण्याविषयीचे हे मौन समजण्याजोगे होते. घाम अडला की ताप चढतो हे निरीक्षण पुढे दिलेल्या माहितीशी विलक्षण जुळते. तथापि, एवढ्यावरून आधुनिक औषधिशास्त्राचे सिद्धान्त प्राचीनांना अवगत होते असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. निरीक्षण समान असले म्हणून त्याची उपपत्ती समान असतेच असे नाही.

३. क्षयाचा रात्रीचा घाम आणि बेलाडोना

युरोपात घाम थांबविण्यासाठी पोटात औषध देण्याची प्रथा दृढ झाली ती तळहातांच्या घामासाठी नव्हे, तर क्षयरोग्याच्या रात्रीच्या घामासाठी. एकोणिसाव्या शतकातील क्षयरोगी पहाटेच्या सुमारास ताप उतरताना घामाने चिंब होऊन जागा होई. अंथरूण भिजे, कपडे बदलावे लागत, थंडी वाजे आणि उरलीसुरली झोपही नाहीशी होई. हा घाम शरीर वितळवून टाकतो आणि रोग्याची शक्ती त्याच वाटेने वाहून जाते असा तत्कालीन वैद्यांचा समज होता. तेव्हा घाम थांबविणे म्हणजे रोग्याचे प्राण काही काळ तरी राखणे असे त्यांना वाटे. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ मध्ये दाखवून दिले. पण जंतू सापडल्याने औषध सापडले नाही. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधील, आणि आयसोनियाझिडचा उपचारात प्रवेश १९५२ मधील. मधली साठ-सत्तर वर्षे वैद्याच्या हाती लक्षणांचे शमन करण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

ह्या काळात घामावर जी द्रव्ये दिली जात त्यांची यादी मोठी आहे. लार्च वृक्षावर वाढणारे पांढरे अळंबे अठराव्या शतकापासून वापरात होते. त्याच्या मोठ्या मात्रेने जुलाब होत. जस्ताची भस्मवत् पूड गोळ्यांतून देत. कापरापासून केलेले आम्ल देत. लंडनचे लॉडर ब्रंटन ह्यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिक्नीनचा पुरस्कार केला. त्यांची उपपत्ती अशी की, झोपेत श्वसन मंदावून रक्तात कर्बवायू साचतो व त्यामुळे घामाची केंद्रे चेतावतात. म्हणून श्वसनास उत्तेजन देणारे द्रव्य द्यावे. ह्या सर्वांत टिकून राहिले ते बेलाडोना आणि त्यातील क्रियाशील द्रव्य ॲट्रोपीन.

बेलाडोना ही युरोपात परिचित असलेली विषारी वनस्पती. तिच्या फळाच्या रसाने डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात म्हणून इटलीत तिला ‘सुंदर स्त्री’ असे नाव पडले, आणि लिनीयस ह्यांनी १७५३ मध्ये तिचे शास्त्रीय नाव ठेविताना आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक दैवतेचे स्मरण केले. १८३१च्या सुमारास माइन ह्या जर्मन औषधनिर्मात्याने, आणि १८३३ मध्ये गायगर व हेस ह्यांनी स्वतंत्रपणे, तिच्यातील अल्कलॉइड वेगळे काढले. ह्यामुळे वैद्याच्या हाती प्रथमच मोजून देता येईल असे औषध आले. मुळाचा किंवा पानांचा अर्क ऋतूप्रमाणे व जागेप्रमाणे कमीअधिक जोरकस असतो. शुद्ध स्फटिकांचे तसे नसते. ज्या औषधाची उपकारक मात्रा आणि उपद्रवकारक मात्रा ह्यांत अंतर थोडे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक होती. लंडनचे सिडनी रिंगर ह्यांचा औषधोपचारावरील ग्रंथ १८६९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यातून क्षयरोग्याच्या घामावर ॲट्रोपीन देण्याचा प्रघात सामान्य चिकित्सकांपर्यंत पोहोचण्यास मोठे साहाय्य झाले.

४. मात्रेचा प्रश्न

रूढ मात्रा एक ग्रेनाच्या शंभराव्या भागापासून साठाव्या भागापर्यंत असे व ती निजण्याच्या वेळी देत. आजच्या परिमाणात हिचे रूपांतर केले तर ती सुमारे ०.६५ ते १.१ मिलिग्रॅम होते. आता हीच मात्रा आधुनिक औषधिशास्त्राने निश्चित केलेल्या क्रमाशी ताडून पाहावी. सुमारे अर्ध्या मिलिग्रॅमने घाम कमी होतो, तोंड किंचित कोरडे पडते आणि नाडी थोडी मंदावते. एक मिलिग्रॅमने तोंड चांगलेच सुकते, तहान लागते, नाडी जलद होते आणि बाहुल्या थोड्या विस्फारतात. दोन मिलिग्रॅमने छातीत धडधडते व जवळचे दिसेनासे होते. पाच मिलिग्रॅमच्या आसपास बोलणे व गिळणे कठीण होते, लघवी होण्यास अडचण पडते, त्वचा कोरडी व तप्त होते आणि मनुष्य अस्वस्थ होतो. दहा मिलिग्रॅम व त्यापुढे भ्रम आणि प्रलाप.

ह्या क्रमावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, एकोणिसाव्या शतकातील चिकित्सक केवळ अनुभवाच्या जोरावर ह्या शिडीच्या पहिल्या व दुसऱ्या पायरीवर येऊन थांबले होते. त्यांची मात्रा अविचारी नव्हती. दोन, घाम आणि लाळ ह्या दोन्ही गोष्टी शिडीच्या त्याच पहिल्या पायरीवर आहेत. घाम सुकवावयाचा आणि तोंड ओले ठेवावयाचे हे ह्या औषधाला जमण्यासारखे नाही. निजण्यापूर्वी मात्रा देण्यामागील युक्तिवाद ह्यातून उलगडतो. रात्रीचा घाम हा वैरी रात्रीच येणारा. त्याला गाठावयाचे ते रात्रीच. शिवाय तोंडाचा कोरडेपणा व दृष्टीचे धूसरपण हा भोग पुष्कळसा झोपेतच संपून जाई. आनुषंगिक परिणाम टाळता येत नाहीत, तेव्हा ते अशा वेळी ओढवून घ्यावेत की ज्या वेळी त्यांचा उपद्रव कमीत कमी होईल, ही साधी युक्ती होती. मात्र क्षयरोग्याला तिची वेगळी किंमत द्यावी लागे. घशाचा व श्वासनलिकांचा ओलावा आटला म्हणजे बेडका घट्ट होतो आणि खोकून काढणे जड जाते. एका लक्षणाचे शमन दुसऱ्याला वाढवी.

५. प्रयोगशाळेचा भाग

ह्याच सुमारास हा प्रश्न रुग्णाच्या खाटेपासून प्रयोगशाळेत गेला. १८६९ मध्ये श्मीडेबेर्ग व कोप्पे ह्यांनी विषारी अळंब्यातून मिळणाऱ्या मस्करीन ह्या द्रव्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या क्रियेला ॲट्रोपीन विरोध करते हे दाखविले. १८७३-७४च्या सुमारास कुतिन्यू ह्या ब्राझिली वैद्याने आपल्या देशातील जाबोरांदी ह्या झुडपाची पाने पॅरिसला नेली. त्यांच्या काढ्याने लाळेच्या व घामाच्या धारा लागत. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये हार्डी ह्यांनी व इंग्लंडमध्ये जेरार्ड ह्यांनी त्या पानांतून पायलोकार्पीन वेगळे केले. घाम आणणारे आणि घाम थांबविणारे अशी दोन शुद्ध द्रव्ये आता समोरासमोर उभी राहिली.

१८७५-७६ मध्ये गोल्ट्झ, आणि त्यांच्यामागून केंडाल व लुखसिंगर, ह्यांनी मांजराच्या मांडीतील मुख्य मज्जातंतू उत्तेजित केला असता पंजाच्या गादीवर घामाचे थेंब उमटतात हे दाखविले. पायलोकार्पीनने तसाच घाम येई आणि ॲट्रोपीनने तो थांबे. घाम म्हणजे त्वचेतून पाझरणारे केवळ पाणी नसून मज्जातंतूंच्या आज्ञेने ग्रंथींनी केलेला स्राव आहे, हे ह्या प्रयोगांनी सिद्ध झाले. १८७८ मध्ये केंब्रिजचे लँग्ली ह्यांनी लाळेच्या स्रावावर ॲट्रोपीन व पायलोकार्पीन ह्यांच्या परस्परविरोधाचा अभ्यास करून असा तर्क केला की, मज्जातंतूंच्या टोकांशी किंवा ग्रंथींच्या पेशींत असे काही द्रव्य असावे की ज्याच्याशी ही दोन्ही औषधे संयोग पावतात. १९०५ मध्ये त्यांनी मांडलेल्या ग्राहक द्रव्याच्या कल्पनेचे बीज येथे आहे. सबंध आधुनिक औषधिशास्त्र ज्या ग्राहककल्पनेवर उभे आहे तिचा उगम लाळ आणि घाम ह्यांसारख्या क्षुद्र मानल्या गेलेल्या स्रावांच्या अभ्यासाशी निगडित आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

एक कोडे मात्र राहिले. घर्मग्रंथींना जाणारे तंतू शरीररचनेच्या दृष्टीने अनुकंपी मज्जासंस्थेचे आहेत. परंतु त्यांच्यावर चालणारी औषधे मात्र परानुकंपी तंतूंवर चालणारी. ओटो लोवी ह्यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने मज्जातंतूंचा निरोप रासायनिक द्रव्याच्या द्वारे पोहोचतो हे दाखविले. १९३४ मध्ये डेल व फेल्डबेर्ग ह्यांनी मांजराच्या पंजातील घर्मग्रंथींना जाणारे अनुकंपी तंतू ॲसिटिलकोलीन हेच द्रव्य सोडतात असे सिद्ध करून हे कोडे सोडविले. लोवी व डेल ह्यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ॲट्रोपीनने घाम का थांबतो ह्याचे उत्तर ह्यामुळे मिळाले. पण त्याच उत्तरात वाईट बातमीही होती. लाळग्रंथी, बाहुली, हृदय, आतडी, मूत्राशय आणि मेंदू ह्या सर्व ठिकाणी तेच द्रव्य निरोप पोहोचविते. ह्या निरोपाचे ग्राहक अनेक उपप्रकारांचे असतात हे पुढे समजले. परंतु घर्मग्रंथींच्या ठिकाणचा उपप्रकार लाळग्रंथींतही आहे.

६. हिंदुस्थानातील परिस्थिती

हिंदुस्थानात बेलाडोनाचे कार्य करणारे द्रव्य दारोदारी उगवत होते. धोतऱ्यात ॲट्रोपीन वर्गातील तीच अल्कलॉइडे आहेत, आणि संस्कृतातील त्याचे ‘उन्मत्त’ हे नाव त्याच्या परिणामाचा अनुभव किती जुना आहे ह्याची साक्ष देते. नॉर्मन चेव्हर्स ह्यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ १८५६ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. वाटसरूंना धोतरा चारून लुटण्याच्या गुन्ह्यांची त्यात सविस्तर चर्चा आहे. घसा कोरडा पडणे, त्वचा तापणे, बाहुल्या विस्फारणे व प्रलाप ही जी लक्षणे गुन्ह्याचा पुरावा म्हणून न्यायालयात येत, त्यांचीच सौम्य आवृत्ती लंडनच्या रुग्णालयात उपचार म्हणून मोजून दिली जात होती. १८६८ मध्ये वेअरिंग ह्यांच्या संपादकत्वाखाली तयार झालेल्या हिंदुस्थानच्या औषधिकोशात धोतऱ्याचा अंतर्भाव करण्यात आला. मुंबईस दीर्घकाळ काम केलेल्या डिमॉक ह्यांनी पश्चिम हिंदुस्थानातील वनस्पतिज औषधांवरील आपल्या ग्रंथातही धोतऱ्याची नोंद घेतली आहे.

ह्याच भूमीवर ह्या औषधांचा मोठा धोका प्रकर्षाने जाणवतो. एक लिटर घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उलट, साठ किलो वजनाच्या शरीराचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून अधिक झाले म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याचा घाम हा एकच मार्ग शिल्लक राहतो. लंडनमधील थंड खोलीत निजलेल्या रुग्णाचा घाम थांबविणे आणि विदर्भातील वैशाखात उन्हात काम करणाऱ्या मनुष्याचा घाम थांबविणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. औषध तेच, मात्रा तीच, पण पहिल्या ठिकाणी तो उपचार आहे आणि दुसऱ्या ठिकाणी उष्माघाताला दिलेले निमंत्रण. आनुषंगिक परिणामांची गणना शरीरापुरती करून भागत नाही. देश, ऋतू आणि व्यवसाय हीही त्या गणनेची अंगे आहेत. ह्यात आणखी एक विसंगती आहे. तळहात व तळपाय ह्यांचा घाम मुख्यतः मनाच्या क्षोभाने सुटतो, शरीर थंड राखण्यात त्याचा वाटा अल्प असतो. परंतु पोटात घेतलेले औषध तळहात आणि पाठ ह्यांत भेद करीत नाही. रुग्णाला तळहात कोरडे हवे असतात. औषध सर्व शरीर कोरडे करू पाहते.

७. जठरव्रणाच्या औषधाचे स्थलांतर

क्षयावर खरी औषधे आल्यानंतर रात्रीच्या घामाचा प्रश्न मूळ रोगाबरोबरच सुटू लागला आणि स्वेदनिग्रहाचे जुने शास्त्र मागे पडले. परंतु त्याच वेळी तळहातांच्या व काखांच्या प्राथमिक अतिस्वेदाकडे चिकित्सकांचे लक्ष वेगळ्या वाटेने गेले. ही वाट जठरव्रणाची होती. जठरातील आम्लस्राव व आतड्यांची हालचाल कमी करण्यासाठी ॲट्रोपीनसारखी, पण मेंदूत सहज न शिरणारी, कृत्रिम संयुगे बनविण्यात आली. त्यांपैकी मेथँथेलीन हे ‘बँथीन’ ह्या नावाने १९५०च्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आले. ड्यूक विद्यापीठातील शल्यचिकित्सक कीथ ग्रिमसन व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बँथीनने अतिस्वेदावर यशस्वी उपचार केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. ग्रिमसन हे अनुकंपी मज्जातंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेत गढलेले शल्यचिकित्सक होते. घामासाठी हीच शस्त्रक्रिया १९२०च्या सुमारापासून केली जात होती. तिचा परिणाम कायमचा असतो, आणि तिच्यानंतर पुष्कळांना अंगाच्या दुसऱ्या भागावर भरपाईदाखल घाम येऊ लागतो. सुरीच्या ऐवजी गोळी पुरेशी ठरेल काय, हा प्रश्न सुरी चालविणाऱ्यानेच विचारावा ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

१९५३ मध्ये प्रोपँथेलीन आले आणि १९६१ मध्ये ग्लायकोपायरोलेट. दोन्ही आली ती जठरव्रणासाठीच. पुढे जठरव्रणावर अधिक नेमकी औषधे निघाली व ह्या दोहोंचे मूळ प्रयोजन क्षीण झाले; अतिस्वेदाच्या उपचारात मात्र ती टिकून राहिली. ही संयुगे मेंदूत फारशी जात नाहीत हा त्यांचा गुण. पण ज्या विद्युद्भारामुळे ती मेंदूत जात नाहीत त्याच कारणाने ती आतड्यांतूनही अल्प व अनिश्चित प्रमाणात शोषली जातात, हा त्यांचा दोष. एकाच गुणधर्माची ही दोन तोंडे आहेत.

८. ऑक्सिब्युटिनिन आणि आजचा विवाद

तिसरी वाट मूत्राशयाची. अनावर मूत्रप्रवृत्तीवरील औषध म्हणून ऑक्सिब्युटिनिनला अमेरिकेत १९७५ मध्ये अनुज्ञा मिळाली. १९८८ मध्ये एका रुग्णाच्या अतिस्वेदावर त्याचा उपयोग झाल्याचा वृत्तान्त मज्जाशास्त्राच्या एका नियतकालिकात आला. पुढे साओ पावलो येथील नेल्सन वोलोस्कर व त्यांचे सहकारी ह्यांनी तळहात व काख ह्यांच्या अतिस्वेदाच्या ५० रुग्णांवर औषध व निष्क्रिय गोळी ह्यांची यदृच्छ विभागणीने तुलना करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्रा अल्प ठेवून क्रमाने वाढविण्यात आली होती. औषध घेतलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांच्या हातांच्या व काखांच्या घामात सुधारणा झाली, ४७.८ टक्क्यांना तोंडाच्या कोरडेपणाचा उपद्रव झाला. घाम आणणारे जाबोरांदी ज्या देशातून युरोपात गेले, त्याच देशातून घाम थांबविणाऱ्या औषधाची ही परीक्षा पुढे आली.

ह्या दुसऱ्या आकड्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या रुग्णाचे तोंड सुकले. तरीही हे उपद्रव किरकोळ म्हणून नोंदले गेले. दीडशे वर्षांत रसायन बदलले, मात्रेची शिडी मात्र तीच राहिली. हेच औषध मूत्राशयासाठी घेणाऱ्याला घाम न येणे हा उपद्रव वाटतो. घामासाठी घेणाऱ्याला लघवी अडणे हा उपद्रव वाटतो. दोघांच्या शरीरात घडते ते एकच.

एका बाबतीत मात्र आजचा विवाद जुन्या चर्चेहून वेगळा आहे. क्षयरोग्याला ॲट्रोपीन काही आठवडे किंवा महिने दिले जाई. प्राथमिक अतिस्वेद बहुधा बालपणी किंवा तारुण्यात सुरू होतो व अनेक वर्षे टिकतो. म्हणून औषधही वर्षानुवर्षे घेण्याचा प्रसंग येतो. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत जाऊ शकते. शेली ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएटल येथील ६५ वर्षे व त्यांवरील वयाच्या ३,४३४ व्यक्तींचा सरासरी सुमारे सात वर्षे मागोवा घेऊन २०१५ मध्ये असे दाखविले की, ह्या वर्गातील जोरकस औषधे अधिक काळ व अधिक एकूण मात्रेत घेणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळते. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभावाचा निर्णायक पुरावा नव्हे. आणि वृद्धांवरील हा निष्कर्ष विशीतील रुग्णास जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. परंतु निष्कर्ष लावता येत नाही ह्याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. तरुणपणी सुरू करून दीर्घकाळ चालविलेल्या सेवनाचे फळ काय, ह्याचे उत्तर दीर्घकालीन निरीक्षणाने मिळावयाचे आहे. औषध देणारा आणि घेणारा ह्या दोघांनीही ही अनिश्चितता उघड्या डोळ्यांनी पत्करावी लागते.

९. उपसंहार

ह्या विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतील. पहिला, अतिस्वेदाच्या औषधांचा इतिहास हा आश्रिताचा इतिहास आहे. क्षय, जठरव्रण आणि मूत्राशयाचे विकार ह्यांच्या घरी वाढलेली औषधे ह्या विकाराच्या वाट्यास आली, कारण ह्या विकाराला स्वतःसाठी काही मागण्याइतका आवाज नव्हता. दुसरा, उपद्रव हा शब्द वापरताना तो कोणाच्या दृष्टीने उपद्रव आहे हे इतिहासकाराने प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील वैद्याच्या टिपणात तोंड कोरडे पडल्याचा उल्लेख नसेल तर ते पडले नाही असे मानता येणार नाही. मरणोन्मुख रोग्याच्या बाबतीत ती गोष्ट नोंदण्याइतकी मोठी वाटली नसेल इतकेच. तिसरा, सहन करण्यासारखे काय आणि काय नाही ह्याचा निर्णय रोगाच्या गांभीर्यावरून होत आला, रुग्णाच्या अनुभवावरून क्वचितच झाला. ज्याचे हात भिजतात तो मरत नाही, म्हणून त्याने थोडे सोसावे असे त्याला सांगण्यात आले. आणि मरत नाही म्हणूनच त्याला दिलेल्या औषधाने त्याचे काही बिघडता कामा नये, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ह्या दोन वाक्यांमधील ताण हाच ह्या इतिहासाचा गाभा होय.

ह्या विषयावर महाराष्ट्रात करण्यासारखे पुष्कळ काम शिल्लक आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. तेथे शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांनी बेलाडोना व धोतरा ह्यांचा वापर कसा केला, थंड देशात ठरलेल्या मात्रा उष्ण देशात तशाच ठेवल्या की बदलल्या, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकेल. मराठीतील जुनी वैद्यकीय मासिके, औषधांच्या जाहिराती आणि घरगुती वैद्यकाची पुस्तके ही त्यासाठी उपयुक्त साधने आहेत. त्यांत वैद्याचा आवाज ऐकू येईलच. परंतु संशोधकाने कान द्यावयाचा आहे तो रुग्णाच्या आवाजाकडे. तो क्षीण आहे, तुटक आहे, आणि बहुधा दुसऱ्याच कोणा रोगाच्या तक्रारीत दडलेला आहे. तो शोधून काढण्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रवृत्त झाल्यास प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन सफल झाले असे मानता येईल.